घरच्या गिटार रेकॉर्डिंगला डीआय आणि रीअँप बॉक्स: गरज की नुसती हौस?

खर्ज (धागाकर्ता)
पुण्यात फ्लॅटमध्ये बसून गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला किंवा इंटरफेसला जोडायचा डबा) लागत नाही आणि रीअँप बॉक्स (रेकॉर्ड केलेला ट्रॅक पुन्हा गिटारच्या अँप्लिफायरमधून, म्हणजे अँपमधून वाजवायचा डबा) तर नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअपचा (तारांची थरथर पकडून सिग्नल देणाऱ्या भागाचा) ट्रेबल टिकायला पुढच्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १ मेगाओहम हवा. इंटरफेसवरचं (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्यावरचं) ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण दाबलं की तो मिळतोच. डीआयचं मूळ काम स्टेजवरचं: गिटारचा नाजूक अनबॅलन्स्ड (लांब वायरीत खरखर पकडणारा) सिग्नल माइकच्या पातळीचा आणि बॅलन्स्ड करून लांबच्या मिक्सरपर्यंत सुखरूप पोचवणं. आपला इंटरफेस हाताच्या अंतरावर असतो. त्यात पॅसिव्ह (वीज न लागणारा, ट्रान्सफॉर्मरवाला) डीआय घेतला तर सिग्नल २० डेसिबलच्या आसपास खाली येतो, मग तोच प्रीअँपने पुन्हा वर उचलायचा. हा द्राविडी प्राणायाम कशाला? तेच पैसे चांगल्या तारा आणि गिटारच्या सेटअपवर घालवा.

तारतम्य
ज्याच्याकडे अँपच नाही त्याच्यापुरतं मान्य. पण अँप आहे त्याचं काय? डीआयला ‘थ्रू’ असतो. एका वायरने गिटार अँपला, दुसरीने इंटरफेसला. वाजवताना खरा अँप ऐकायचा आणि कोरडा (अँपचा टोन न लागलेला) ट्रॅकही जपायचा. हे नुसत्या बटणाने कसं करणार? शिवाय लॅपटॉपचा चार्जर आणि अँप दोन्ही तीन पिनचे असले की ग्राउंड लूप (अर्थिंगची दोन वाटांनी झालेली फेरी) होऊन ५० हर्ट्झचा हम (सततची घुमघुम) बसतो. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय तो लूप तोडतो.

खर्ज
चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. हम गेला तर डबा वाचला.

आणि थ्रूची दुसरी बाजूही सांगा की. रेडियल जेडीआय हा नावाजलेला पॅसिव्ह डीआय, त्याचा इनपुट १४० किलोओहम. अँपचा १ मेगाओहम त्याला समांतर येतो, म्हणजे पिकअपला दिसतात जेमतेम १२३ किलोओहम. सिंगल कॉइल पिकअपचा वरचा आवाज मळतो, तोही ट्रॅक आणि अँप दोन्हीकडे.

तारतम्य
म्हणूनच साध्या पिकअपला वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह डीआय आणि अ‍ॅक्टिव्ह बास किंवा कीबोर्डला पॅसिव्ह. फक्त ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द वाचून पैसे काढू नका. कंट्रीमन टाइप ८५ चा इनपुट १० मेगाओहम आहे, रेडियल जे४८ सुद्धा अ‍ॅक्टिव्हच पण तो २२० किलोओहमचा. स्पेसिफिकेशनमधली ती एक ओळ वाचायची, बाकी जाहिरात.

पेठेतला_पिक
एवढं कशाला? अँपच्या प्लगला दोन पिनचा अडॅप्टर लावा, अर्थ तुटतो, हम गायब. फुकटात काम.

तारतम्य
अडॅप्टर आत्ता, हा धागा वाचता वाचता काढा. ट्यूब अँपमध्ये ३००-४०० व्होल्ट सहज असतात. आत काही बिघडलं आणि अर्थिंग नसेल तर तो करंट चॅसीवरून गिटारच्या तारांत आणि तिथून तुमच्या हातात. डीआयवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ सिग्नलच्या वायरची जमीन तोडतो, विजेची नाही. यावर चर्चा नको.

मफलर
रीअँपवर कुणी बोलेना म्हणून मी. नियमांनुसार रहिवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आपल्याला वेळ मिळतो तो रात्रीच. तेव्हा रात्री कोरडा ट्रॅक घ्यायचा, रविवारी जॅमरूममध्ये तोच ट्रॅक अँपमधून सोडून समोर माइक लावायचा. लाइन पातळी +४ डीबीयू म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, आणि तीही लो इम्पीडन्सची. ती गिटारसारखी करून अँपला द्यायचं काम रीअँप बॉक्सचं. १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी या रेकॉर्डिंग इंजिनिअरने तो बाजारात आणला. ‘रीअँप’ हे त्याच्याच उत्पादनाचं नाव, पुढे सगळ्यांनाच चिकटलं.

खर्ज
इंटरफेसचा आउटपुट कमी करून थेट अँपला दिला तर?

मफलर
कधी चालतो, कधी हम येतो. त्यापेक्षा कुणाचा पॅसिव्ह डीआय उलटा लावून बघा: इंटरफेसचा आउटपुट त्याच्या एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनच्या सॉकेटला), जिथे गिटार लावतो तिथून अँपला. मेल-फीमेलचा अडॅप्टर लागेल. ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की व्होल्टेज दहा-बारा पटीने वाढतं, तेव्हा आउटपुट आधी अगदी तळाला ठेवा. अ‍ॅक्टिव्ह डीआय असा उलटा चालत नाही. रीअँप बॉक्स स्वतः जोडणार असाल तर १०के:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, नुसतं ‘ट्रान्सफॉर्मर द्या’ म्हणालात तर बॅटरी एलिमिनेटरचा हातात पडेल.

कोल्हापुरी_फझ
तुमची वायरिंग बरोबर असेल, पण वाजवण्याचं काय? जर्मेनियम फझचा (जुन्या धाटणीच्या डिस्टॉर्शन पेडलचा) इनपुट इम्पीडन्स इतका लो असतो की पिकअप आणि फझ मिळून एकच सर्किट होतं. व्हॉल्यूमची नॉब थोडी मागे घेतली की आवाज निवळतो तो त्यामुळे. रीअँपच्या डब्यामागे पिकअपच नाही, मग ती गंमत कुठून येणार? अँपसमोर उभं राहिल्यावर तारांना मिळणारा फीडबॅकही नाही. आणि कोरडं ऐकत हेवी रिफ वाजवलं की पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले ठोके) हमखास ढिले पडतात. टोन नंतर ठरवू म्हणणारे तो कधीच ठरवत नाहीत, त्यांच्या हार्ड डिस्कवर नुसते कोरडे ट्रॅक साठतात.

मफलर
फझ रेकॉर्डिंगच्या आधीच लावा, हे मान्य. बाकी कोरडं ऐकायला सांगितलंय कुणी? कानात न्यूरल अँप मॉडेलर (अँपची नक्कल करणारं प्लगइन) चालू ठेवा, तो फुकट आहे. ट्रॅक कोरडा राहतो, हात मात्र डिस्टॉर्शनलाच वाजवतो.

खर्ज
म्हणजे प्लगइनमधूनच चांगलं ऐकू येतंय! मग रविवारी अँप वाहून नेण्याचा खटाटोप कशासाठी?

मफलर
स्पीकरने हलवलेली हवा माइकमध्ये यावी म्हणून. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याने खुशाल प्लगइनवर थांबावं.

खर्ज
बरं. घरात अँप असेल तर हाय इम्पीडन्सचा डीआय घ्या, एवढं मी मान्य करतो. रीअँप बॉक्स मात्र विकत घेऊ नका. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू, मित्राकडून उसनी आणा.

तारतम्य
उसना द्यायला त्या मित्राने तरी विकत घ्यायला हवा ना?