तुमच्या घरी घोडा कसा आला? (अनुभव धागा)

कोलबाडकर
परवा संध्याकाळी रिक्षा एका वरातीत अडकली. डीजे फुल्ल, नवरदेव घामाघूम, आणि घोडी आमच्या रिक्षाला अगदी खेटून उभी. घाम आणि भिजवलेले हरभरे असा तो वास आला आणि मला थेट आमची लाली आठवली.

आजोबांचं ठाणे स्टेशनजवळ धान्याचं दुकान होतं. टांगेवाले घोड्याची चंदी (दाणा) तिथूनच न्यायचे, सगळं वहीवर. रिक्षा वाढल्या तसे टांगे मोडीत निघाले आणि एकाची उधारी काही फिटेना. टांगा त्याने आधीच विकला होता. एका सकाळी लालीला दुकानाच्या खांबाला बांधलं, तोबरा (दाण्याची पिशवी) आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) शेजारी ठेवला, म्हणाला, "शेठ, खातं बंद करा." आणि गावी निघून गेला. आजी बाहेर येऊन म्हणाली, "जिने उधारी खाल्ली तीच वसुलीत आली का? आता रोखीने खाणार!"

काका तिला फिरवायला न्यायचा. पण ही बया सरळ स्टेशनला जाऊन रिक्षांच्या रांगेत शेवटी उभी राहायची. पुढची रिक्षा सरकली की ही पाऊलभर पुढे. रिक्षावालेही तिचा नंबर कुणाला खाऊ द्यायचे नाहीत. नंबर लागला की काकाने तलावपाळीला एक चक्कर मारून आणायची, तेव्हा कुठे बाईसाहेब घराकडे वळायच्या. तिला विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं, नाही असं नाही. आजीनेच परत पाठवलं.

तुमच्याकडे कसा आला? तट्टू, शिंगरू, वरातीची घोडी, काहीही चालेल. लिहा.

मीटरडाऊन
लाली निदान जवळचं भाडं नाकारत नसेल 😂

सेक्टर१९
सिडकोने जमिनीच्या बदल्यात दिलेला आमचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला दिला त्या वर्षीची गोष्ट. भावकीत कुणी गाडी घेतली, कुणी सोनं. आमचा काका दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गेला, म्हणे यात्रा बघून येतो. आला तो टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून आणि मागे काठियावाडी घोडी! पोरं ओरडत आली, "घोरी हानली, घोरी!" काकी भाकऱ्या थापत होती, वर न बघता म्हणाली, "कोनाचा लगीन हाय?"

काकाने म्हणे दात बघून वय काढलं, चारही खूर उचलून बघितले, गळ्याखाली देवमण (शुभ मानतात तो केसांचा भोवरा) आहे म्हणून वर पैसे मोजले. सौदा रुमालाखाली बोटं दाबून झाला, त्यामुळे खरा आकडा काकीला आजतागायत माहीत नाही. (काकी इथे नाही ना कुणाच्या ओळखीतून?)

आता बिल्डिंगखाली आमच्या वाट्याच्या पार्किंगमध्ये असते. रात्री टापा वाजल्या की पहिल्या माळ्यावरच्या नव्या भाडेकरूंना वाटतं कुणी फरशी फोडतंय.

गौरी_ऐरोली
कानांची टोकं आत वळून जुळतात का हो तिची? मारवाडीची पण तशीच असतात ना?

सेक्टर१९
हो, दोन्हींची. मागे गेले की राग आलाय समजायचं. कान मागे गेले की ताई आपणही मागे जायचं.

नेरळ_ते_नेरुळ
माझं माहेर माथेरान. तिथे गाड्यांना बंदी, घर घोड्यावरच चालायचं. आमचा राजा विकत नाही आणला, घरीच जन्मला. घोडीला अकरा महिने लागतात, आणि आमची व्यायली ती ऐन पावसाळ्यात, धंदा बंद, लाइट गेलेली. बाबा टॉर्च धरून आणि आई दारातून विचारतेय, नर का मादी? शिंगरू उभं राहायला गेलं की पुढचे पाय एकीकडे, मागचे भलतीकडे, धप्प. परत उठलं, परत धप्प. मी हसले तर बाबांनी डोळे वटारले. मोठा झाल्यावर त्याला लायसन्सचा नंबर मिळाला, बाबांना माझ्या दहावीच्या सीट नंबरपेक्षा तोच पाठ. दूध उतू जातंय, बाकीचं नंतर

पाचपाखाडी
२०१५ ला हायकोर्टाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा मामाने तिथला एक म्हातारा घोडा आणला. येऊरला ओळखीच्यांच्या जागेत ठेवला. मामी बोलायची बंद. त्यात कुणीतरी प्रेमाने वडापाव चारले आणि घोड्याला पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. डॉक्टर सुई देऊन गेले, लोळू देऊ नका म्हणाले. रात्रभर आळीपाळीने चालवला. तो मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायचा, ते बघवत नव्हतं. पहाटे लीद टाकली आणि मामा तिथेच रडायला लागला. मामीने त्याच दिवशी त्याचं नाव बाळ्या ठेवलं.

गेटवर पाटी आहे: घोड्याला वडापाव देऊ नये. मालकाला चालेल.

मीटरडाऊन
मालकाला कुठला चालतो, कुंजविहारचा?

पाचपाखाडी
गजानन. पिवळी चटणी जास्त.

कोलबाडकर
धागा वडापाववर नेऊ नका रे 🙏 बाळ्या आहे का अजून?

पाचपाखाडी
नाही ओ. म्हाताराच होता आला तेव्हा. पाटी आहे.

गौरी_ऐरोली
अरेरे 😔

वाशी_पूल
नवी मुंबईत चांगला नालबंद कुणाला माहीत आहे का? आमचा गावी गेलाय आणि पुढची डावी नाल वाजतेय.

सेक्टर१९
आमचा पनवेलहून येतो, विचारून कळवतो. तोवर डांबरी रस्त्यावर पळवू नका.

गौरी_ऐरोली
एक शंका. पार्किंगमध्ये घोडी, मग गाडी कुठे लावता?

सेक्टर१९
रस्त्यावर. टो होऊन पण आली. काका म्हणतो, घोडी कधी टो झाली का?

मीटरडाऊन
आणि मेन्टेनन्स?

सेक्टर१९
टू व्हीलरचा भरतो. पाय मोजायला अजून कुणी खाली आलेलं नाही.