मदत हवी आहे: पावसाळ्यात एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटची) वीज डिमांड करारापेक्षा वर जाते

खाडीकाठ:
रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्यालगतचा एसबीआर प्लांट (सगळे टप्पे एकाच टाकीत आळीपाळीने), दोन बेसिन म्हणजे टाक्या, सायकल ४ तासांची (एरेशन म्हणजे हवा देणं २, सेटलिंग म्हणजे गाळ खाली बसणं १, डिकँट म्हणजे वरचं पाणी काढणं १). कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेली मर्यादा) १४० केव्हीए. उन्हाळ्यात नोंद ११० च्या आत, जुलैच्या बिलात १५५. पीएफ (पॉवर फॅक्टर, किलोवॅट भागिले केव्हीए) ०.८६. प्रत्यक्ष लोड: हवा देणारे दोन ब्लोअर प्रत्येकी ४० किलोवॅट, सांडपाणी बेसिनमध्ये चढवणारे दोन रॉ पंप मिळून ३०, सेंट्रिफ्यूज (गाळातलं पाणी काढणारं यंत्र) वगैरे २३. इलेक्ट्रिशियन म्हणतो, लाइट जाऊन येते तेव्हाचा स्टार्टिंगचा झटका आहे, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) बसवा. बसवू?

पंपघर:
थांबा. डिमांड म्हणजे ठरावीक मिनिटांची सरासरी; काही सेकंदांचा झटका त्यात विरून जातो. तुमचेच आकडे मांडा: सगळं एकदम चाललं तर १३३ किलोवॅट, भागिले ०.८६, बरोबर १५५. एक ब्लोअर कमी केला की १०८. दुसरा ब्लोअर कोणत्या वेळी चालतो ते लॉगशीटमध्ये बघा.

खाडीकाठ:
बघितलं. दोन्ही बेसिन एकाच वेळी डिकँटला येतायत! म्हणजे पुढची एरेशनही दोन्हींची एकदमच. तेव्हा सम्पही (येणारं सांडपाणी साठवणारी टाकी) तुडुंब असतो.

पंपघर:
मग हेच. लाइट आल्यावर पीएलसी (प्लांट आपोआप चालवणारा कंट्रोलर) दोन्ही सायकली पहिल्या स्टेपपासून सुरू करतो, दोन तासांचं अंतर मोडतं. रात्री आवक कमी असताना डिकँट संपलं की दुसरं (बी) बेसिन २ तास नुसतं थांबवून धरा, मग सुरू करा. अर्धवट सेटल झालेल्या बेसिनला हवा देऊ नका, गाळ वर येईल. प्रोग्रामरकडून स्टेप आणि उरलेला वेळ रिटेंटिव्ह मेमरीत (लाइट गेली तरी न पुसणाऱ्या) टाकून घ्या. नुसता ब्लोअर इंटरलॉक (दोन्ही ब्लोअर एकदम चालू न देणारा) लावलात तर एक बेसिन हवेविना भरत राहील.

गंजलेलापॅनेल:
पीएफचंही बघा. केव्हीएएच बिलिंग (युनिट किलोवॅटऐवजी केव्हीएवर मोजणारं) असेल तर ०.८६ आणि ०.९८ मध्ये युनिटचा फरक जवळपास १४ टक्के. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर जोडून पीएफ आपोआप सुधारणारा) ‘ऑन’ दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नका, प्रत्येक फेजला क्लँप मीटर लावा. ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआर कपॅसिटरने ३० अँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. १२-१५ दिसले तर तो मेलाय. खाऱ्या हवेत काँटॅक्टरचे टर्मिनलही हिरवे पडतात. व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर रिअ‍ॅक्टरशिवाय नवे कपॅसिटर बसवू नका, हार्मोनिक्सने (ड्राइव्हमुळे बिघडलेल्या करंटने) तेही फुगतील.

खाडीकाठ:
ब्लोअरला व्हीएफडी आहे, पण ५० हर्ट्झवरच. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटर) ४.५ येतो.

पंपघर:
डीओ २ पुरे. पावसाचं पाणी शिरून सांडपाणी पातळ झालंय, एवढी हवा कशाला? ४० हर्ट्झवर आणा. रूट्स ब्लोअर आहे (प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा), त्यामुळे विजेची बचत साधारण २० टक्केच. वीज निम्मी होईल हा हिशोब सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या) ब्लोअरचा. ३० हर्ट्झच्या खाली नेऊ नका, तापेल.