जुनाट निद्रानाश: उपाय नकोत, सोबत हवी आहे

नमस्कार. मी गोव्यात फोंड्याला राहते आणि शाळेत शिकवते. आठवड्यातून किमान तीन रात्री झोप न लागणे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. माझे प्रकरण त्याच्याही बरेच पुढे गेले आहे. उपचार चालू आहेत, म्हणून कृपया जायफळाचे दूध आणि काशाची वाटी सुचवू नये. सासूबाईंचे दोन्ही मोठ्या मायेने करून झाले आहे.

अडचण मनाची आहे. रात्री घड्याळाकडे नजर गेली की ‘आता डोळा लागला तर चार तास मिळतील’ असा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबापायीच उरलीसुरली झोप उडते. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की घरचे उठून ‘लागली का झोप?’ असे विचारतील, याची धास्ती वाटते. विचारण्यामागे काळजीच असते, तरीही रोज ‘नाही’ म्हणताना नापास झाल्यासारखे वाटते.

समुपदेशकांनी सांगितलेली वर्तनोपचाराची पद्धत मला पटते: झोप येईना तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसावे, सकाळी ठरल्या वेळीच उठावे, दुपारी झोपू नये. पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत सासूबाई झोपतात, त्यामुळे मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसते. दुपार तर त्याहून कठीण जाते, कारण शाळा सुटून घरी यावे तो जेवणे आटोपून सारे घर, किंबहुना सारा वाडा आडवा झालेला असतो आणि जागी असते ती मी एकटीच. (गोव्यात दुपारची झोप सोडणे म्हणजे काय, हे पुस्तके लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे.)

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर एकदा अपरात्री बोलले आणि खरोखरच हलके वाटले. मात्र आपल्यासारखेच जागणारे कोणी ओळखीचे असावे, ही गरज त्याने भागत नाही.

म्हणून विचारते: फोंडा, पणजी किंवा बांबोळीच्या परिसरात अशा रुग्णांचा प्रत्यक्ष भेटणारा गट आहे का? नसल्यास, महिन्यातून एकदा भेटायला कोणी तयार आहे का? आणि माझी चिडचीड यजमानांवरचा राग नव्हे, हे तुम्ही घरी कोणत्या शब्दांत समजावलेत? कोंकणीत लिहिलेत तरी चालेल.