लाल्याला कोणतं बटण दाबायचं?

पऱ्हाटी, परभणी
मशीनला पानं ओळखायला शिकवायची म्हणून रात्री घरबसल्या फोटोंना लेबलं लावायचं काम घेतलंय. कापसाच्या पानाचा फोटो येतो, खाली तीन बटणं: निरोगी, कीड, रोग. काल एक पान आलं, शिरा हिरव्यागार अन् मधली जागा तांबडी. वडील चहा घेऊन मागं उभे. म्हणाले, "लाल्या हाय की हा. ह्याला रोग कोन म्हनतंय?" निरोगी म्हणवेना म्हणून मी 'रोग' दाबलं. एकच फोटो आम्हा तिघांकडं जातो; दोघांचं जुळलं की तेच खरं, तिसऱ्याचे पैसे कापतात. मग मशीन पान ओळखायला शिकणार का आमची जुळवाजुळव?

निवृत्त कृषी सहायक
वडील बरोबर आहेत. शिरा हिरव्या अन् खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात, म्हणजे बहुतेक मॅग्नेशियम कमी पडलंय. बुरशी नाही, जंतू नाही. पण कडा आधी पिवळ्या, मग लाल, अन् पान खाली वळलेलं असेल तर उलटून बघ, तुडतुडे दिसतील. नत्र कमी पडलं, रात्री गार पडू लागल्या, तरी पान लालच. आम्हीही बांधावर उभं राहून सगळ्याला 'लाल्या'च म्हणत आलो, तेही एक बटणच की! फोटोतलं पान उलटता येत नाही, तिथं घोडं अडतं.

चित्रकलेचे सर, संभाजीनगर
अजिंठ्याच्या सहलीत पोरं हमखास विचारतात, एक नंबरचं लेणं सगळ्यात जुनं का? नाही. नंबर वाटेच्या क्रमानं पडलेत, जुनी ९ आणि १०. मागाहून एक सापडलं, त्याला १५ अ केलं. तुझ्याकडं 'अ'ची सोय नाही.
माणसांचंही असंच झालं. मशीनला शिकवायच्या इमेजनेट या १ कोटी ४० लाखांवर फोटोंच्या साठ्यात माणसांच्या फोटोंना शिव्यांसारखी लेबलं होती. २०१९ मध्ये ट्रेव्हर पॅग्लेन हा कलाकार आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांनी त्यावर एक खेळ मांडला: आपला फोटो टाका, मशीन काय म्हणतं बघा. लोक चिडले. मग इमेजनेटनं माणसांचे सुमारे ६ लाख फोटो काढायचं जाहीर केलं. लेबलं आधीपासून होतीच, पण स्वतःच्या तोंडावर चिकटल्यावर दिसली.

पऱ्हाटी, परभणी
शेऱ्याचा रकाना आहे, कधी उघडला नव्हता. आज सहा पानांवर लिहिलं, 'लाल्या दिसतोय, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाहिजे.' दोन परत आली: शेरा मराठीत चालत नाही. वडील विचारतायत, लाल्याला विंग्रजीत काय म्हनत्यात?