अनुभव: पहिलं घर घेताना वरचे पाच-सहा लाख कुठून आणले?

बँक कर्ज देते हे सगळे सांगतात. बँक देत नाही त्या पैशांचं काय, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा, सुरुवात माझ्यापासून.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ जुना वन बीएचके, ३२ लाख. कर्ज मंजूर २८. वरचे ४ आपले. शिवाय मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे १ लाख ९२ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे कर्जात धरलेच नाहीत. झाले सव्वासहा लाख! माझ्याकडे होते अडीच. निफाडचे मामा द्राक्षांचे पैसे आल्यावर दोन लाख द्यायला तयार झाले. रोख नको, खात्यावर टाका म्हटलं, तर पिंपळगावला जाऊन आरटीजीएस केलं आणि तासाभरात तीनदा फोन, "आले का रे?" उरलेल्यांसाठी आईची पोत तारण ठेवली. ती अजून सोडवायची आहे.

तुमचं कसं जमलं? लिहा.

---

सिडकोतून. प्रधानमंत्री आवास योजनेच्या भरवशावर असाल तर आधी हे वाचा. २०१८ मध्ये बुकिंगच्या ऑफिसात मला सांगितलं, २ लाख ६७ हजार सबसिडी आहे, डाऊन पेमेंटची काळजी नको. सबसिडी खरी होती, पण ती आली नऊ महिन्यांनी आणि थेट कर्जखात्यात. मुद्दल कमी झालं, हप्ता उतरला, उत्तम. पण बिल्डरला पैसे त्याआधी हवे होते! ते कंपनीच्या पतसंस्थेतून काढले. पगारातून दोन-दोन हप्ते कापले जायचे. त्या नऊ महिन्यांत घरात नवी चप्पलसुद्धा आली नाही.

सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा आहे. घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. व्याजाची सवलत पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे इथेही डाऊन पेमेंट आपलंच. धागाकर्ते, तुमचं कर्ज २८ लाखांचं, तीन लाखांनी हुकलात. अर्थात २५ घेतलं असतं तर मामांना आणखी एक बाग लावावी लागली असती.

---

म्हसरूळ. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं. मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. वरच्या हिशोबात तेच ३२ हजार झाले असते. माझं नाव खरेदीखतात घातलं असतं तर सूट गेली असती, म्हणून मी नुसता सहकर्जदार. मित्र चिडवतात, "भाडेकरू कसा आहेस?"

---

अंबडला नोकरी, पीएफमधून काढले. घरासाठी काढता येतात, पण आधारवर माझं पूर्ण नाव आणि पीएफला नुसती आद्याक्षरं. अर्ज दोनदा परत. दुरुस्तीसाठी जुन्या कंपनीत खेटे घातले. तिथला जो माणूस सही करायचा तो सुट्टीवर. तिकडे साठेखताची, म्हणजे खरेदीआधीच्या कराराची, तारीख जवळ आलेली. शेवटी मेहुण्याने पंधरा दिवसांसाठी पैसे फिरवले म्हणून बयाणा वाचला. टोकन देण्याआधी नाव, जन्मतारीख, बँकखातं तपासून घ्या, एवढंच.

---

मी देणाऱ्या बाजूची, देवळाली कॅम्प. लेकीला भिशीचे आणि मुदत ठेव मोडून असे तीन लाख दिले. परत मागणार नाही असं बँकेने लिहून घेतलं. सही करताना हात जरा थांबला, खोटं कशाला सांगू. मुलगा म्हणाला, "माझ्या वेळी काय?" त्याला म्हटलं, तुझ्या इंजिनिअरिंगच्या फीच्या पावत्या अजून कपाटात आहेत, काढू का?