'निष्कलंक गर्भसंभव' नेमका कोणाचा?

प्रश्न : नाताळच्या लेखाचा अनुवाद तपासते आहे. त्यात 'येशूचा निष्कलंक गर्भसंभव' असं दोनदा आलंय. 'कुमारीपोटी जन्म' यालाच हा जड शब्द आहे का?

उत्तर : नाही. हे तसंच छापून जाऊ देऊ नका. निष्कलंक गर्भसंभव येशूचा नाही, त्याच्या आईचा, मरियेचा. आईच्या उदरात आल्या क्षणापासून मरिया मूळ पापापासून मुक्त होती, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. तिला आईवडील होते, तिचा जन्मही चारचौघांसारखाच. 'कलंक' म्हणजे इथे मूळ पाप, आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेलं. शरीरसंबंधाला कोणी कलंक म्हणत नाही. घोटाळा होतो तो नेमका इथेच. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी हा सिद्धांत जाहीर केला. प्रॉटेस्टंट मंडळी तो मानत नाहीत, कुमारीपोटी जन्म मात्र मानतात.

शंका आली की महिने मोजा. गर्भसंभवाच्या सणापासून जन्माच्या सणापर्यंत, ८ डिसेंबर ते ८ सप्टेंबर, हे मरियेचे नऊ महिने (वांद्र्याची जत्रा तिच्या याच जन्मदिनाला धरून भरते). येशूचे २५ मार्च ते २५ डिसेंबर. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त (वार्षिक सण) ८ डिसेंबरला असतं, कारण ते चर्च मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाचं आहे.

प्रश्न : मग येशूसाठी 'कुमारीपोटी जन्म' ठेवते. 'कुमारी' हा शब्द यशयापासूनच आहे ना?

उत्तर : बायबलच्या जुन्या करारातल्या यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द 'अल्मा' आहे, म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', कुमारी, आलं आणि नव्या करारात मत्तय १:२३ मध्ये तेच उद्धृत झालं. मत्तयाचं वचन देत असाल तर 'कुमारी'च हवं.

दुसरं उत्तर : लेखात योहान १:१४ असेल तर तेही पाहा. 'शब्द देही झाला' यातलं 'देही' अनेकजण 'याचि देही याचि डोळा' मधल्यासारखं सप्तमीत वाचतात आणि 'देहात आला' असा अर्थ लावतात. इथे ते विशेषण आहे : देह असलेला. तरी पंचाईत उरतेच, कारण गीतेतला 'देही', म्हणजे आत्मा, देहात राहतो आणि देह बदलतो. मूळ ग्रीक 'सार्क्स' म्हणजे सरळ मांस. देवाचा शब्द मांसाचा माणूस झाला, त्याने माणसाचं सोंग घेतलं नाही.

प्रश्न : म्हणजे येशूच्या माणूस होण्याला 'अवतार' नकोच?

उत्तर : नको. अवतार पुन्हापुन्हा होतात. हे एकदाच घडलं, आणि पुनरुत्थानानंतरही तो देह टाकला गेला नाही, असं ख्रिस्ती मानतात. 'देहधारण' रूढ आहे, ते चालेल. पण 'धारण' म्हटलं की वस्त्रासारखं उतरवणंही मनात येतं. म्हणून पहिल्यांदा लिहिताना 'देहधारण, म्हणजे खरोखर मनुष्य होणं' इतकं फोडून लिहा. ३२५ सालच्या निकेयाच्या मतांगीकारातही (ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत कबुलीतही) 'देही झाला' आणि 'मनुष्य झाला' अशी दोन क्रियापदं शेजारीशेजारी आहेत.