जुन्या लॅब सरळ पाडा म्हणणाऱ्यांना उत्तर

कोपऱ्यातला_बीकर: काल इथे कोणीतरी लिहिलं की पन्नाशी उलटलेल्या सगळ्या सरकारी लॅब सरळ पाडा, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) म्हणजे कन्सल्टंटचं कुरण. वाचून डोकंच फिरलं. मुंबईत परळची हाफकिन ही संशोधन संस्था बघा, आधी गव्हर्नरचा बंगला होता आणि १८९९ पासून तिथे लॅब आहे. पाडायच्या आधी काय खराब झालंय ते तरी बघाल? लॅबमध्ये कॉलमच्या आधी जातात ते पाइप, डक्ट, वायरिंग, पण सर्व्हेवाले येतात, भिंतीवरच्या भेगांचे फोटो काढतात आणि जातात, घातक वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचा डक्ट आतून कुजलाय का ते कोणी उघडून बघत नाही, सिंकखालची ॲसिडची लाइन कुठे जाते ते फक्त जुन्या प्लंबरला ठाऊक आणि तो कधीच रिटायर झाला.

सळई_आणि_सिमेंट: हाफकिन जाड भिंतींवर उभं आहे हो, आरसीसी नव्हे. १९६०-७० च्या लॅबचं दुखणं वेगळं. काँक्रीट कार्बोनेट झालं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेला, की सळई गंजून फुगते, तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं, त्यात ॲसिडच्या वाफा म्हणजे विचारूच नका. आणि नुसता रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कडकपणा मोजणारा) मारून ‘ओके’ लिहिणारी ऑडिटं दाखवू नका, कार्बोनेट झालेल्या काँक्रीटवर हॅमरचे आकडे फुगूनच येतात. काँक्रीटचा कोअर (नमुना) काढा, सळईचा गंज तपासायला हाफ सेल लावा, मग बोला.

सोसायटीची_सेक्रेटरी: ऑडिटचं नाव काढू नका! आमच्याकडे ३० वर्षं झाली म्हणून केलं, तर कॉन्ट्रॅक्टर कन्सल्टंटचाच साडू निघाला. गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला, तरी गळतेच.

सळई_आणि_सिमेंट: कोब्यावर कोबा??? ताई, चार इंची ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातो. आयएस ८७५ या भारतीय मानकात वावराच्या गच्चीला लाइव्ह लोडच (माणसं-सामानाचं वजन) चौरस मीटरला १५० किलो धरलाय. कोणी सांगितलं हे?

सोसायटीची_सेक्रेटरी: इंजिनियरनेच. तुमच्यातलाच कोणीतरी.

पाषाणकर_काका: आमच्या लॅबच्या गच्चीवर तर कोब्यावर कोबा, त्यावर एसीची युनिटं, ब्लोअर, टाकी. खाली स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या, तर मोठे साहेब येणार म्हणून खालून फॉल्स सीलिंग मारलं. साहेबांनी कौतुक केलं, छान मेंटेन केलंय म्हणे.

बुलडोझर_प्रेमी: काका, थँक्यू. काल मी हेच लिहिलं होतं, पाडा!

कोपऱ्यातला_बीकर: म्हणजे फॉल्स सीलिंग उघडून बघण्यापेक्षा बिल्डिंग पाडणं सोपं? आणि उणे ८० चे फ्रीझर, जिवाणूंची कल्चर, रेणूंची रचना तपासणारं एनएमआर मशीन, हे सगळं नवी बिल्डिंग होईपर्यंतची तीन-चार वर्षं तुमच्या घरी ठेवू का?

बुलडोझर_प्रेमी: बरं बाबा, करा ऑडिट, आरती पण ओवाळा. पण रिपोर्ट आल्यावर पैसे कोण देणार? नव्या मशीनला ग्रँट मिळते, फीत कापता येते. ड्रेनेज लाइनची फीत कापलेली पाहिलीये कधी?

कोपऱ्यातला_बीकर: हे मात्र खरंय. म्हणूनच रिपोर्टमध्ये नुसतं ‘दुरुस्ती आवश्यक’ लिहून चालत नाही, यंदा नाही केलं तर काय बंद पडेल आणि कोणाला लागेल ते लिहायला हवं. पण तुम्हाला काय, पाडायचंच आहे.

सळई_आणि_सिमेंट: सर्व्हिसेस (पाइप, डक्ट, वायरिंग) आधी, मान्य. अर्धवट मान्य. स्लॅब डोक्यावर आला तर डक्ट बघायला कोण उरणार?

सोसायटीची_सेक्रेटरी: ते तुमचं चालू द्या. पत्र्याची शेड घालू की कोबा उखडून नवीन वॉटरप्रूफिंग करू ते सांगा, जून तोंडावर आलाय.